हंगामाचा सण, आनंदमेळा आणि शेजारी: मंडळीचा निधी उभा करताना

एक लिंबू साडेसातशे रुपयांना गेलं. हंगामाच्या सणाची उपासना आटोपून अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव रंगात आला होता, मंडपात टाळ्या पडत होत्या आणि मी पावतीवही मांडीवर घेऊन बसलो होतो. त्या दिवशी पुकारलेल्या बोलींची बेरीज ६१ हजारांवर गेली. पेटीत आले ३८ हजार. बाकीचे कोणाकडे अडकलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणीच नव्हतं. मी तेव्हा नवखा खजिनदार होतो. पुढे पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, बरीच वर्षं काढली, पण जे शिकलो ते बहुतेक त्या २३ हजारांनी शिकवलं.

हे लिहितोय ते आपल्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मराठी मंडळ्यांसाठी, त्यातही पूर्वी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, असलेल्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन मंडळी इतरांबरोबर एक झाली, तरी अँग्लिकन कम्युनियनशी, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चांच्या परिवाराशी, नातं सुटलं नाही आणि जुन्या सवयीही सुटल्या नाहीत. हंगामाचा सण त्यातलाच. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकाने १८४३ साली पिकाबद्दल उपकारस्तुतीची खास उपासना ठेवली, तिथून ही प्रथा अँग्लिकन चर्चांत पसरली. आपल्याकडे आल्यावर तिला ज्वारीची कणसं मिळाली, ऊस मिळाला, पाय बांधलेली गावठी कोंबडी मिळाली आणि लिलावाचं ‘एक वार, दोन वार’ मिळालं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एक गोष्ट धरून ठेवा. मंडळीसाठी पैसा गोळा करण्याचा दिवस वेगळा आणि शेजाऱ्यांसाठी दार उघडण्याचा दिवस वेगळा. दोन्ही एकाच मंडपात उरकायला गेलं की शेजाऱ्याला वाटतं आपल्याला गिऱ्हाईक म्हणून बोलावलं, आणि मंडळीला वाटतं आपल्या घामाचं लोकांनी फुकट खाल्लं.

आधी आकडा, मग कार्यक्रम

‘चर्चच्या मदतीसाठी’ एवढ्यावर कोणी पाकीट उघडत नाही. ‘उत्तरेकडच्या छपराची कौलं आणि वासे बदलायचे, खर्च २,४०,००० रुपये’ असं म्हटलं की उघडतं. म्हणून दोन कंत्राटदारांकडून लेखी अंदाज घ्या, तो पास्टरेट कमिटीपुढे ठेवा आणि ठराव लिहून घ्या. ठरावात कामाचं नाव, रक्कम, कोणत्या खात्यात पैसे जमा होणार, आणि जास्त जमले तर ते कुठे वळवायचे, एवढं असावं. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात आणि पुढे भांडण त्यावरच होतं.

चर्चची जागा-इमारत बहुधा डायसिसच्या (बिशपच्या हाताखालच्या धर्मप्रांताच्या) किंवा तिच्या ट्रस्टच्या नावावर असते. किरकोळ रंगरंगोटी सोडली तर डायसिसचं लेखी पत्र आल्याशिवाय पैसे मागायला सुरुवात करू नका. इमारत वारसा यादीत असेल तर महापालिकेकडची परवानगी वेगळी, आणि त्या कागदाला सणाच्या तारखेची घाई नसते.

रखडण्याचीही आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस कथीड्रल गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात, १६७०च्या दशकात सुरू झालं. ऑन्जियर १६७७ मध्ये वारला आणि अर्धवट भिंती सुमारे ४० वर्षं तशाच उघड्यावर उभ्या राहिल्या. मग रिचर्ड कॉब नावाच्या चॅप्लेनने, म्हणजे तिथे नेमलेल्या पाळकाने, ते काम हाती घेतलं, वर्गणी जमवली, आणि १७१८च्या नाताळात चर्च उघडलं. चर्चगेट हे नाव त्याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडलं. ४० वर्षं गावभर सगळ्यांना त्या भिंती दिसत होत्या. कमी पडला तो दारोदार जाणारा माणूस.

आता आकड्याची फोड करा. २,४०,००० पैकी लिलावातून ५०,०००, नाताळच्या फराळातून ३०,००० आणि आनंदमेळ्यातून ४०,००० धरले तर अर्धे झाले. उरलेले १,२०,००० कोणत्याही कार्यक्रमातून येणार नाहीत. ते ४० घरांनी दरमहा २५० रुपयांचा लिफाफा वर्षभर दिला तर येतात. हे पहिल्याच सभेत फळ्यावर लिहून दाखवा. एका दणक्यात सगळे पैसे काढू म्हणणारा उत्साही गडी प्रत्येक कमिटीत असतो, त्याचं समाधान फळ्यावरच होतं.

तारीख

आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) आणि लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सोडा. उपवासाच्या दिवसांत मंडपात भजी तळणं जुन्या लोकांना रुचत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. गावाकडची मंडळी असेल तर सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर. शहरात पगाराच्या पुढच्या आठवड्यात. पहिला रविवार मात्र टाळा. बऱ्याच चर्चांत त्या दिवशी प्रभुभोजन असतं, उपासना लांबते आणि लिलावाची वेळ होईस्तोवर लेकरं भुकेनं रडायला लागतात. दुसरा रविवार उत्तम. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर काहीही ठेवू नका, तरुण संघातलं एक माणूस मिळणार नाही.

लिलाव

इथं जरा रेंगाळतो, कारण मराठी मंडळीच्या निधीचं खरं इंजिन हेच आहे आणि बिघडतंही हेच.

तीन आठवडे आधी वस्तूंची हाक द्या. नुसतं ‘काहीतरी आणा’ म्हटलं तर १४ भोपळे येतात. महिला संघाने घरं वाटून घ्यावीत: या गल्लीकडून धान्य, त्या गल्लीकडून भाजी-फळं, शहरात नोकरीला असलेल्यांकडून तेलाचे डबे, साखर, बेडशीट. ज्यांच्याकडे द्यायला काही नाही त्यांनी हातचं करून आणावं. आमच्याकडे एक आजी दरवर्षी विणलेलं तोरण आणायच्या. लिलावात त्याची बोली कोंबड्याच्या वर जायची.

शनिवारी संध्याकाळी वस्तू स्वीकारा. टेबलावर एक वही, वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी, वहीत तोच क्रमांक आणि देणाऱ्याचं नाव. नाव मोठ्याने जाहीर करू नका. एकाने क्विंटलभर गहू दिला आणि दुसरीने दोन अंडी, तर माइकवर दोन्हींची तुलना होते. बायबलातल्या गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांवर, प्रवचन ऐकून आलेल्या लोकांना लगेच बाहेर गव्हाच्या पोत्याला टाळ्या वाजवायला लावणं मला तरी पटत नाही. कोंबडी-बकरी रविवारी सकाळीच घ्या, सावलीत बांधा, पाणी ठेवा. एकदा कोंबडा वेदीजवळ ठेवला होता. पाळकसाहेबांच्या उपदेशाच्या दुसऱ्या मुद्द्यापासून शेवटपर्यंत तोच बोलत होता.

उपासनेत वस्तू वेदीपुढे अर्पण होतात, प्रार्थना होते. त्यानंतर सगळं उचलून बाहेर आवारात. लिलाव चर्चच्या आत करू नका, पाऊस असला तरी. हॉल नसेल तर ताडपत्री बांधा.

पुकारणारा माणूस पाळक नसावा. त्यांनी बोली वाढवली तर नाही म्हणणं अवघड जातं आणि तो पैसा मनापासून येत नाही. ज्याच्या तोंडात गोडवा आहे, ज्याला सगळ्यांची नावं येतात आणि कोणाची परिस्थिती काय ते कळतं असा कोणीतरी काका किंवा मावशी शोधा. ‘काय मामा, मुलगा इंजिनिअर झाला आणि पन्नासवर थांबलात?’ असली थट्टा ठीक. तीच थट्टा नोकरी गेलेल्या माणसाची होऊ नये. हे पुकारणाऱ्याला आदल्या दिवशी नावं घेऊन सांगावं लागतं.

क्रम असा ठेवा. सुरुवातीला दोन-तीन स्वस्त, हसवणाऱ्या वस्तू: लिंबू, काकडी, एक अंडं. मग धान्य. मधोमध बकरी किंवा जे सगळ्यात मोठं असेल ते, कारण बारा वाजून गेले की गर्दी पातळ होते. शेवटी भाज्या. एकूण ४० बोलींच्या पुढे जाऊ नका. उरलेल्या भाज्यांचे ३० आणि ५० रुपयांचे वाटे करून बाजूच्या टेबलावर ठरलेल्या भावात विका. ज्याला बोलीत हात वर करता येत नाही त्यालाही सणाची मेथी घरी नेता येते.

घेतलेली वस्तू परत चर्चला देऊन पुन्हा पुकारायची पद्धत आहे, एक लिंबू पाच हात फिरतं. मजा येते. पण प्रत्येक फेरीची वेगळी नोंद लागते, नाहीतर माझ्यासारखं होतं. माझ्या वहीत ‘लिंबू, ७५०’ एवढं एकच होतं आणि आधीच्या चार जणांनी आपण काही देणं लागतो हे मनावर घेतलंच नाही.

म्हणून नोंदीची रीत पक्की करा:

१. पुकारणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन लेखनिक. दोघांच्या वह्या वेगळ्या, दर दहा बोलींनंतर ताडून पाहायच्या.

२. ‘तीन वार’ झालं की लगेच चिठ्ठी: क्रमांक, नाव, रक्कम. चिठ्ठी घेणाऱ्याच्या हातात, प्रत वहीत.

३. चिठ्ठी घेऊन पैशांच्या टेबलावर. पैसे भरल्याचा शिक्का बसला की वस्तू ताब्यात.

४. टेबलावर चर्चच्या खात्याचा क्यूआर कोड छापून चिकटवा. खजिनदाराच्या किंवा सेक्रेटरीच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर एक रुपयाही घेऊ नका, भला माणूस असला तरी. भल्या माणसालाच नंतर त्रास होतो.

५. उधारी ठेवायचीच तर सुरुवातीलाच माइकवर सांगा: १५ दिवसांत भरायचं, आणि चिठ्ठीवर ती तारीख.

हे लावल्यानंतर पुढच्या वर्षी बोलींची बेरीज ६१ हजारांवरून ४९ हजारांवर आली. कमिटीत एकाने तोंड वाकडं केलं. पेटीत ४७ हजार होते.

नाताळचा फराळ

कमी कष्टाचा, कमी धोक्याचा मार्ग हा, आणि मंडळ्या त्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, केक. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्डरचा कागद फिरवा, निम्मे पैसे आगाऊ घ्या, डिसेंबरच्या १८-२० तारखेला वाटप करा. जेवढी ऑर्डर तेवढाच माल आणायचा, म्हणजे उरण्याचा प्रश्न नाही. किलोभर चकलीला भाजणी, तेल, गॅस, पिशवी मिळून २४० रुपये पडत असतील तर ४२० ला विका. घरगुती चवीला लोक तेवढे देतात, ऑफिसातले सहकारी तर जास्तच. करणाऱ्या बायकांचा रिक्षाखर्च आणि दुपारचं जेवण हिशोबात धरा. ‘सेवा आहे’ म्हणून सहा तास कढईपुढे उभं करायचं आणि चहाही स्वतःच्या पैशाने प्यायला लावायचं, हे मी पाहिलंय. पुढच्या वर्षी चार बायका आजारी पडल्या.

आनंदमेळा

सहा-सात स्टॉल पुरेत. प्रत्येक स्टॉलचा कच्चा माल एका घराने किंवा दोन-तीन घरांनी मिळून द्यावा, म्हणजे विक्री पूर्ण निधीत जाते. पैसे फक्त कूपनच्या टेबलावर घ्या, स्टॉलवर नाही. कूपन क्रमांकाची, १० आणि २० ची, सही-शिक्क्याची. उरलेलं कूपन परत घेणार नाही हे त्यावरच छापा.

ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून आधी काढा, रात्री दहाला तो बंद झालाच पाहिजे. तळणाचे स्टॉल एका रांगेत, मुलांच्या खेळांपासून लांब, आणि वाळूची बादली जवळ. पिण्याच्या पाण्याचा जार किती लागेल त्याचा अंदाज करून दीडपट मागवा.

हाऊजी (तंबोला) आणि सोडत यांबद्दल लोक आग्रह धरतात, कारण पैसा झटकन येतो. पैसे घेऊन खेळवलेला हाऊजी किंवा तिकिटं विकून काढलेली सोडत जुगार-लॉटरीच्या कायद्यात अडकू शकते, आणि ‘चर्चसाठी होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. रिंग टाकणं, लिंबू-चमचा, फुगे फोडणं ठेवा. मुलं तिथेच जास्त रमतात.

पैसे मोजणं आणि कागद

एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन माणसं, त्याच दिवशी, त्याच जागी मोजतात आणि दोघंही सही करतात. सोमवारी बँकेत. मेळ्याचा खर्च जमलेल्या रोकडीतून परस्पर भागवू नका; आधी सगळं जमा, मग बिलावर पैसे काढायचे. निधीची पावतीवही वेगळी ठेवली तर वर्षअखेरीस लेखापरीक्षक शिव्या देत नाही.

८०जीची नोंदणी डायसिसच्या किंवा ट्रस्टच्या नावाने असेल तरच त्या पावतीवर करसवलत मिळते. दात्याला तसं स्पष्ट सांगा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घ्या.

परदेशातल्या नातेवाइकांचा मुद्दा नीट समजून घ्या. भारतीय पासपोर्ट असलेला पुतण्या दुबईहून स्वतःच्या कमाईतले पैसे नेहमीच्या बँकमार्गाने पाठवतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. तोच पुतण्या ब्रिटिश किंवा अमेरिकन नागरिक झाला असेल तर त्याची ५०० रुपयांची देणगीही परदेशी ठरते, मग तो सुट्टीवर येऊन इथं रोख देत असला तरी. अशी देणगी घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. नोंदणी नसेल तर प्रेमाने नाही म्हणा. लिलावात मामांचा लंडनचा जावई हात वर करत असेल तर त्याला आधीच कोपऱ्यात घेऊन सांगितलेलं बरं.

शेजाऱ्यांचा दिवस

आता दुसरा दिवस. हा सणाला चिकटवू नका. निदान महिनाभराचं अंतर ठेवा. इथे पेटी नाही, कूपन नाही, क्यूआर कोड झाकून ठेवायचा.

पुण्याची जुनी गोष्ट आहे. १८९० साली पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाला आलेल्या शहरातल्या मान्यवरांना चहा-बिस्किटं दिली गेली. टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशींनी (डॉक्टर आनंदीबाईंचे पती) हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. अँग्लिकन मिशनच्या आवारातला एक कप चहा! आज कोणी वाळीत टाकत नाही, पण फाटकाशी येऊन घुटमळणारा शेजारी अजून असतो. ‘आत गेलो तर काय म्हणतील, आत काय सांगतील’ हा हिशोब तो करतो. तो हिशोब आपण त्याच्यासाठी सोपा करायचा.

कसा? आमंत्रण छापील पत्रकाने नको, दोघादोघांनी घरी जाऊन. काय होणार ते सरळ सांगा: ‘रविवारी दहा ते एक डोळे तपासणी आहे, डॉक्टर सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेत, पैसे नाहीत, प्रार्थनासभा नाही.’ शेवटचे शब्द म्हणायला काही जणांना जड जातं. मला विचाराल तर गरजू माणसाच्या हातात चष्मा देताना दुसऱ्या हाताने पत्रक देणं हे आपल्याच विश्वासाला कमीपणा आणणारं आहे. कोणी स्वतःहून विचारलं तर बोला, तासभर बोला.

डोळे तपासणीत खरं काम नंतर असतं. मोतीबिंदू सापडलेल्या आजोबांना शस्त्रक्रियेसाठी कोण नेणार, त्यांची नावं-पत्ते कोणाकडे, तारीख कोणती, हे शिबिराआधी ठरलं नसेल तर शिबिर घेऊ नका. रक्तदान ठेवायचं तर परवानाधारक रक्तपेढीला बोलवा. दाता किमान १८ वर्षांचा आणि ४५ किलोंचा हवा, आणि उपाशीपोटी आलेल्याला आधी पोहे खायला घाला. मुलांसाठी काही करणार असाल तर खोलीत नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, आणि पालकांना विचारल्याशिवाय एकही फोटो ग्रुपवर नाही.

नगरसेवक येतील. यावेत, चहा घ्यावा. माइक देऊ नका. निवडणूक जवळ असेल तर मंडपात बॅनर लावायला जागाच ठेवू नका, म्हणजे नाही म्हणायची वेळ येत नाही.

नाताळातल्या कॅरल फेरीचं थोडं वेगळं आहे. ती मंडळीच्या घरोघरी जाते आणि लिफाफेही मिळतात. पण शेजारच्या बिगरख्रिस्ती घरासमोर थांबलात तर गाणं म्हणा, सलाम करा, केक द्या आणि पुढे चला. लिफाफा पुढे आला तर हात जोडून परत करा. एका वाड्यातल्या काकूंनी आमचा परत केलेला लिफाफा पुढच्या वर्षी तिळगुळाच्या डब्यात घालून चर्चमध्ये आणून दिला. तो मात्र घेतला.

शेवटचा कागद

सण झाल्यावर दुसऱ्या रविवारी फलकावर एक पान लावा. जमा, खर्च, शिल्लक, बँकेत भरल्याची तारीख, दोन सह्या. तोट्यातला स्टॉलही लिहा. उधारी असेल तर फक्त एकूण रक्कम, नावं नाहीत. काम सुरू झालं की छपराचे फोटो त्याच पानाशेजारी.

१५ दिवस उलटले तरी पैसे न आलेल्यांकडे कमिटीतलं वयाने मोठं एक माणूस घरी जातं. पाळकसाहेबांना पाठवू नये आणि ग्रुपवर लिहू नये. चहा घ्यायचा, लेकरांची चौकशी करायची आणि निघताना चिठ्ठीची प्रत समोर ठेवायची. परिस्थिती खरंच ओढीची दिसली तर प्रत खिशातच राहू द्यावी आणि वहीत त्या नावापुढे ‘मिळाले’ लिहावं. तेवढे पैसे भरणारा कोणीतरी कमिटीत असतो, त्याला आधीच विचारून ठेवायचं.